एकाच आवाजात

"डोळे मीट आणि नीट ऐक," हे म्हणाले. "झोपू नकोस मात्र."

मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर डोळे मिटून बसले. जेवणं झालेली, खिडकीतून आलेलं ऊन मांडीवर पसरलेलं, आणि समोर उभा राहून नवरा नगरपालिकेचं पत्रक वाचतोय. अशा वेळी कुणाला झोप येणार नाही? आणि मला तर यांच्या आवाजात झोप लागते ती लग्न झाल्यापासूनच. पहिल्या रात्री यांनी मोठ्या हौसेने मला एक गोष्ट वाचून दाखवली, आणि ती अर्धी व्हायच्या आत मी घोरत होते. दुसरा कुणी असता तर तोंड फुगवून बसला असता. हे म्हणाले, बरं झालं, आवाज छान लागला असणार.

पत्रकात दोन पानं होती. एका पानावर गावातलं वाचनघर का बंद करावं ते लिहिलेलं, दुसऱ्या पानावर ते का ठेवावं ते. महिनाअखेरीला त्यावर सगळ्या गावाचं मतदान होतं. 'बंद' जिंकलं की ती जागा गाड्या लावायला जाणार होती.

आता वाचनघर म्हणजे काय, तर ज्यांना दिसत नाही अशी माणसं तिथे रोज सकाळी येऊन बसतात आणि हे त्यांना वाचून दाखवतात. वर्तमानपत्र, कथा, घरून आलेली पत्रं, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, जे हातात पडेल ते. पिढी बदलली तरी वाचणारे हेच. संस्था खासगी, पैसा नगरपालिकेचा.

दोन्ही पानं वाचून झाल्यावर यांनी विचारलं, "सांग, मी कुणाच्या बाजूने आहे?"

"ठेवावं."

"कशावरून?"

"'या माणसांना सकाळी जायला दुसरी जागा नाही' म्हणताना घसा ओला झाला तुमचा."

हे खट्टू झाले. पाणी प्यायले, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. असं चार दिवस चाललं होतं. ते पत्रक मला झोपेत पाठ झालं, अगदी शब्दशः.

या सगळ्याचं मूळ संस्थेच्या चिटणीसबाई. त्यांनी यांना बोलावून नियम समजावून सांगितला होता. बाई वाईट नव्हत्या, सांगताना त्यांचाच चेहरा उतरला होता म्हणे. त्या म्हणाल्या, पैसा सगळ्या गावाचा आहे, म्हणून आपण गावाला या बाजूने मत द्या, त्या बाजूने द्या असं सांगायचं नाही. सुचवायचंही नाही. कामाच्या वेळेत नाही, या जागेत नाही, संस्थेच्या नावाने तर मुळीच नाही. माहिती द्यायची, दोन्ही बाजूंची, सारखी. घरी गेल्यावर स्वतःच्या नावाने काय हवं ते बोला, तिथे तुम्हाला कुणी अडवत नाही.

"मग बोला ना घरी," मी म्हटलं. "चार लोकांना भेटा. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सांगा. तुमचा शब्द मोडणार नाही तो."

"चिटणीसबाई घरी गेल्या की खुर्ची ऑफिसात राहते," हे म्हणाले. "मी घरी आलो की आवाज कुठे काढून ठेवू? खुंटीला? मी दुकानात 'दोन साबण द्या' म्हटलं तरी लोक म्हणतात, वाचनघर आलं."

झालं. तेव्हापासून या माणसाने घरीदारी जी मिठाची गुळणी धरली ती धरली. शेजारी विचारायचे, काय हो, कसं होणार तुमचं? हे नुसतं हसायचे. आपल्या ताटाखालची जमीन विकायला काढलेली असताना हसत बसणं कुणाला जमतं, मला सांगा. माझा असा संताप व्हायचा. एकदा मी भाजी चिरता चिरता सुरी खाली आपटली आणि म्हटलं, "नियम करणाऱ्यांना काय जातंय? ज्याला सगळ्यात जास्त ठाऊक, त्यालाच हाताची घडी, तोंडावर बोट?"

यांनी सुरी उचलून माझ्या हाताशी ठेवली. मग म्हणाले, "नियम नसता तरी मी तसंच वाचलं असतं."

"का?"

"ती माणसं छापलेलं पाहू शकत नाहीत. मी जे म्हणेन तेच तिथे लिहिलंय, असं धरून बसतात. मी एका शब्दावर जरा जोर दिला की त्यांना कळायच्या आत त्यांना एका बाजूला ढकललं. आज माझ्या पोटासाठी ढकललं, उद्या आणखी कुणाच्या पोटासाठी ढकलीन."

यांच्याशी भांडायचं म्हणजे उशीला बुक्के मारायचे. मी पुन्हा भाजी घेतली.

हे पत्रक पुन्हा पहिल्यापासून वाचत होते त्या दुपारी मात्र मला झोप लागलीच, आणि झोपेत वाचनघर दिसलं. ते पाण्यावर होतं. लांबच लांब खोली, सगळ्या खिडक्या उघड्या, आणि खालून पाणी सावकाश जातंय. सगळे आपापल्या खुर्चीवर बसलेले. हे वाचतायत, ओठ हलतायत, पण आवाज नाही. कुणाच्याच ते लक्षात येत नव्हतं, सगळे माना डोलवत होते. मी म्हणत होते, अहो, काही ऐकू येत नाहीये, आणि माझाही आवाज येत नव्हता. जागी झाले तेव्हा हे समोर तसेच उभे होते.

"आता सांग," हे म्हणाले. "कुणाची बाजू?"

मी यातलं एक अक्षर ऐकलं नव्हतं. पण किती वेळा त्यांना खट्टू करायचं? मी म्हटलं, "काही कळलं नाही बघा."

यांचा चेहरा असा उजळला. म्हणाले, "मग जमलं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. एरवी मी जात नाही. तिथे मी डुलक्या घेते आणि मग सगळे चेष्टा करतात. पण त्या दिवशी घरी बसवेना.

वाचनघराची खोली खरंच लांबच लांब आहे. सकाळचं ऊन एका टोकाकडून आत येतं आणि वाचन संपेपर्यंत भिंतीवरून सरकत दुसऱ्या टोकाला जातं, ते फक्त यांनी आणि मीच पाहिलंय. प्रत्येकाची खुर्ची ठरलेली. पाठीला यांनी काही ना काही बांधलंय, हाताला लागलं की आपली खुर्ची सापडावी म्हणून. गणिताच्या सरांच्या खुर्चीला गाठी मारलेली दोरी. सर निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांची नजर गेली, पण जिभेला धार तशीच. टेलिफोनबाईंच्या खुर्चीला जुन्या फोनची वेटोळ्यांची वायर. त्या जन्मापासून अंध, साऱ्या नोकरीत एका गिरणीच्या टेलिफोनवर बसून फोन जोडून द्यायच्या. गिरणी बंद पडली तेव्हा ती वायर त्यांनी आठवण म्हणून आणली.

वाचनाआधी रोज एक ठरलेलं. हे विचारतात, "आवाज येतोय ना?" आणि सगळ्यांच्या वतीने टेलिफोनबाई म्हणतात, "स्पष्ट." बोट वायरीत अडकवलेलं असतं. मग वाचन सुरू.

त्या दिवशीही तसंच झालं. चिटणीसबाई दारात उभ्या होत्या. मी मागे बसले आणि घरी मिटायचे तसे डोळे मिटून घेतले.

आधी यांनी 'बंद करावं' वाचलं. आणि काय सांगू, इतकं सुंदर वाचलं. त्या बाजूवर अन्याय व्हायला नको म्हणून त्यांनी सगळा जीव ओतला होता. बाजाराच्या रस्त्यावरची कोंडी, दुकानदारांचे हाल, दूर गाडी लावून आजारी आईला चालवत दवाखान्यात नेणारी मुलगी, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. ती मुलगी तर मला आवडायलाच लागली.

मग पान उलटल्याचा आवाज आला, आणि यांनी 'ठेवावं' वाचलं. घसा ओला होऊ नये म्हणून त्यांनी तो असा काही आवळला होता की शब्द बाहेर पडत होते ते नुसते सुकलेले. या माणसांना सकाळी जायला दुसरी जागा नाही. पुढचं वाक्य. त्यापुढचं वाक्य. पाण्याच्या टाक्या धुण्याची सूचना हे याहून मायेने वाचतात. मी डोळे उघडले. यांनी कागद दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, आणि कपाळावर घाम होता.

वाचून झालं. हे समाधानाने सगळ्यांकडे पाहत होते. आपण सारखं वाचलं, अगदी सारखं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

सर म्हणाले, "झकास. मला गाडी चालवता येत नाही म्हणून, नाहीतर मीच 'बंद'ला मत दिलं असतं."

कुणी हसलं नाही. तेव्हा कुठे यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

टेलिफोनबाईंनी मान यांच्या दिशेने वळवली. "एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही कंटाळलात का आम्हाला?"

यांनी हातातला कागद टेबलावर ठेवला.

"कंटाळला असाल तर राग नाही. माणूस थकतो. मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुम्हाला काय वाटतं, हे असावं की नसावं?"

हे दाराकडे पाहत होते. चिटणीसबाईंनी मान खाली घातली होती. मी उठलेच, मला कुणाचा नियम, मी कुणाची नोकर? पण यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. फक्त मलाच दिसेल अशी. त्या खोलीत त्यांचा चेहरा पाहू शकणारी मी आणि चिटणीसबाई दोघीच होतो, आणि दोघींनाही त्याचा उपयोग नव्हता.

"मला त्यावर बोलता येत नाही, बाई," हे म्हणाले. तेही त्याच सुकलेल्या आवाजात.

टेलिफोनबाईंनी वायरीतलं बोट काढून घेतलं.

आम्ही घरी आलो. दारात चप्पल काढताना हे म्हणाले, "काल खरंच सारखं झालं होतं का गं?"

मी सांगून टाकलं, मला झोप लागली होती. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसतं "हं" म्हणाले आणि खिडकीपाशी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी टेलिफोनबाई आल्या नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. हे सकाळी "आवाज येतोय ना?" विचारायचे आणि सर म्हणायचे, "येतोय, येतोय, चालू द्या." पण ते काही खरं नव्हे. यांच्या जेवणावरची वासना उडाली. अर्धी पोळी ताटात तशीच ठेवून उठायचे. मी शेवटी न सांगता टेलिफोनबाईंच्या घरी गेले. दोन खोल्या, दिवा न लावलेल्या, कारण त्यांना दिव्याचं काय काम. मी अंधारात चाचपडत खुर्ची शोधली, तर त्या म्हणाल्या, "डावीकडे, वहिनी. तुम्हाला इथे कमीच दिसत असेल."

मी म्हटलं, "बाई, मी संस्थेची कुणी नाही, मला बोलायला बंदी नाही. यांच्या मनात काय आहे ते मी सांगते तुम्हाला."

"नका सांगू," त्या म्हणाल्या. "मी जन्मभर फोन जोडून दिले. निरोप कधी घेतला नाही आणि दिला नाही. बोलणारा स्वतः बोलला पाहिजे. मी वाट पाहीन, पण निरोप नको."

त्यांनी चहा केला. कप बरोबर माझ्या हातात आणून दिला. मी उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "घरी सांगा, माझं मत मी 'ठेवा'लाच देणार आहे. त्यांना नको असलं तरी."

मी घरी येऊन ते सांगितलं. हे ऐकता ऐकता वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरून बसले. पेपर उलटा होता.

मतदान झालं. वाचनघरातली सगळी माणसं गेली होती, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, ओळीने. हेही गेले, एकटे. निकाल दुसऱ्या दिवशी लागला. 'बंद' भरपूर मतांनी जिंकलं. एवढ्या मतांनी की ही सगळी माणसं दहा वेळा जाऊन मत देऊन आली असती तरी फरक पडला नसता. मी यांना ते पुन्हा पुन्हा सांगितलं. कुणी काही कसंही वाचलं असतं तरी हेच झालं असतं. हे म्हणायचे, "ते मला कळतं गं. त्याचं नाही वाईट वाटत."

कशाचं वाटतं ते मला ठाऊक होतं.

शेवटच्या दिवशी मीही गेले. नगरपालिकेचा टेम्पो आला होता. माणसांनी टेबलं नेली, कपाटं नेली, आणि खुर्च्या आधी बाहेर फुटपाथवर आणून ठेवल्या. खोली रिकामी झाल्यावर आणखीच लांब दिसायला लागली. ऊन भिंतीवरून सरकत होतं, त्याला काय.

निरोप घ्यायला सगळे आले होते. टेलिफोनबाईही आल्या, सरांच्या खांद्यावर हात ठेवून. सर फुटपाथवर खुर्च्यांना धडकले, हाताने चाचपलं, दोरीच्या गाठी लागल्या, आणि ते तिथेच बसले. मग एकेक जण पाठी चाचपत आपापली खुर्ची शोधून बसला. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, लोक वळून पाहत होते, आणि ही मंडळी फुटपाथवर रोजच्यासारखी बसलेली. टेम्पोवाले काही बोलले नाहीत. सावलीला जाऊन उभे राहिले.

हे आतून बाहेर आले. चिटणीसबाई मागोमाग होत्या, डोळे पुसत.

"किल्ली दिलीत?" सरांनी विचारलं.

"दिली."

"पगार, सही, सगळं मिटलं?"

"मिटलं."

"मग आता तुम्ही कोण?"

"कुणी नाही," हे म्हणाले.

"उत्तम. मग ते दुसरं पान वाचा."

हे उभेच राहिले. "सर, आता त्याचा काय उपयोग? निकाल लागला. आणि पत्रक तर रद्दीत गेलं."

"उपयोग कोण विचारतंय?" सर म्हणाले. "आणि पाठ असेलच तुम्हाला. इतके दिवस शेजाऱ्यांनासुद्धा झालं असेल पाठ."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले. दुसरं काय करणार होते?

आधी काहीच ऐकू आलं नाही. गाडी गेली, तिचा आवाज विरला. मग यांनी सुरुवात केली. हातात कागद नाही, काही नाही. नगरपालिकेच्या कारकुनाने लिहिलेली साधी, बोजड वाक्यं ती, सदर इमारत आणि उक्त जागा वगैरे. पण हे बोलत होते तशी ती खोली माझ्या मिटल्या डोळ्यांपुढे भरत गेली, कपाटं परत आली, टेबलं परत आली, ऊन परत पहिल्या भिंतीवर आलं. या माणसांना सकाळी जायला दुसरी जागा नाही. तिथे यांचा घसा ओला झाला, आणि या वेळी यांनी तो होऊ दिला. थांबले, आवंढा गिळला, आणि तसेच पुढे गेले, शेवटच्या ओळीपर्यंत. तरी आम्ही गावाला विनंती करतो की, हे घर ठेवावं.

यांच्या आवाजात मला झोप आली नाही असं पहिल्यांदाच झालं.

मी डोळे उघडले तेव्हा सगळे माना खाली घालून बसले होते. सर चष्मा पुसत होते, ज्याचा त्यांना काहीच उपयोग नव्हता. हे टेलिफोनबाईंच्या खुर्चीसमोर येऊन उभे राहिले होते.

"आवाज आला ना?" यांनी विचारलं, अगदी हळू.

टेलिफोनबाईंचं बोट वायरीत अडकलेलं होतं.

"स्पष्ट," त्या म्हणाल्या.

टेम्पोवाला दोन पावलं पुढे आला. "बाई, खुर्च्या न्यायच्या होत्या," तो म्हणाला.

"हो, घ्या की," म्हणत त्या उठल्या. वायरीची गाठ त्यांनी स्वतःच सोडली. वायर बोटाभोवती गुंडाळून पर्समध्ये ठेवली, आणि मग खुर्चीची पाठ हाताने चाचपून ती त्याच्याकडे सरकवली.